राजेंचा खोकला

पिटुकलीचं लघवीचं औषध संपलं होतं, म्हणून दुपारी औषधाच्या दुकानात गेलो होतो. पिटुकली म्हणजे आमची सात महिन्यांची लेक. तिच्या हृदयाला भोक होतं, ते बुजवून तीन आठवडे झाले होते. काखेत हात घालून उचलायचं नाही, हा डॉक्टरांचा दंडक. एक हात डोक्याखाली, एक बुडाखाली, भरलेलं ताट उचलावं तशी ती उचलायची. आम्ही दोघं तिला डोळ्यांत तेल घालून जपत होतो.

परत आलो तर बायको न्हाणीघरात कपडे धूत होती. खोलीत पडदे ओढलेले. जंतुनाशकाचा आणि आंबट दुधाचा वास भरून राहिला होता. बाटली फळीवर ठेवली, तेवढ्यात पाळण्यातून खोकला आला.

एकच. कोरडा, आणि शेवटी बारीक शीळ वाजल्यासारखा.

वाकून पाहिलं. पिटुकली गाढ झोपली होती, ओठ घट्ट मिटलेले. पुन्हा तोच खोकला आला. या वेळी अगदी माझ्या तोंडासमोर. तिचे ओठ हललेसुद्धा नाहीत.

मी मोटार मेकॅनिक आहे. गाडी फाटकातून आत येतानाच सांगतो, पट्टा गेलाय की बेअरिंग. गिऱ्हाईकं चेष्टेनं 'कानसेन' म्हणतात मला. त्यामुळे ऐकण्यात चूक झाली, असं मी म्हणू शकत नाही. आजही नाही, आणि त्या दिवशीही नाही.

कारण हा खोकला मी ओळखला होता. वॉर्डात आमच्या शेजारच्या खाटेवर एक बाळ होतं. त्याची आई त्याला 'राजे' म्हणायची. 'राजे, आज दूध प्यायचा मूड आहे का?' असं काहीबाही बोलत बसायची. राजेंचं ऑपरेशन आमच्या आधी होतं, आमची तारीख पुढे ढकललेली. आदल्या संध्याकाळी राजेंना दूध पिताना ठसका लागला. एकच ठसका, शेवटी तीच बारीक शीळ. दूध वाकड्या वाटेनं गेलं होतं, बस. तिथला नियम असा, की मुलाला सर्दी-खोकला असेल तर त्याला ऑपरेशनला घ्यायचं नाही.

मी उठलो, सिस्टरकडे गेलो आणि म्हणालो, "शेजारचं बाळ दोन दिवस खोकतंय. आमच्या मुलीला लागण झाली तर?"

राजेंना वेगळ्या खोलीत हलवलं. सकाळी त्याच्या जागी पिटुकलीला आत घेतलं. बाराव्या दिवशी राजे गेले, ऑपरेशनविनाच. आम्ही तेव्हा घरी जायचं सामान बांधत होतो. मी सुटकेस बंद केली आणि त्या बाईकडे न बघता लिफ्टमध्ये शिरलो.

खोकला रोज यायला लागला. रोज दुपारी, तीनच्या सुमाराला. बायकोला ऐकू येईना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं असेल म्हणून मी गप्प बसलो. पण तिसऱ्या दिवशी राहवेना. पिटुकलीला डॉक्टरांकडे नेलं, छातीचा फोटो काढला. छाती स्वच्छ. "बाप जरा जास्तच काळजी करतोय," डॉक्टर हसून म्हणाले. मला रडूच आलं.

चौथ्या दिवशी बायकोला सगळं सांगितलं. तिनं फोन उचलला.

"राजेंच्या आईला फोन करा," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

"काय म्हणू?"

"मला सांगितलंत तेच."

वॉर्डात दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले होते. बायकोनेच लावला आणि फोनचा आवाज मोठा केला. मी अडखळत, घाम पुसत सगळं बोललो.

"ठाऊक आहे मला," राजेंची आई पलीकडून म्हणाली. आवाज शांत होता. "तुम्ही सिस्टरशी बोललात तेव्हा मी दाराआडच होते. मी म्हणत होते त्यांना, ठसका होता... कुणी ऐकलं नाही."

"ताई, मी..."

"ते राहू द्या. दादा... तुमची मुलगी बरी आहे ना?"

"आहे. झोपलीय इथेच."

"बघा बरं नीट," ती म्हणाली. "चार दिवस झाले, दुपारी ती आमच्याकडे रडते. रिकाम्या पाळण्यात. आवाज ओळखते मी तिचा, आठ दिवस शेजारी होतो आपण. मी झोका देते... मग गप्प होते."

फोन बंद झाला. मी पाळण्यावर वाकलो. पिटुकलीचा श्वास चालू होता, छाती हलत होती. डोळे उघडे होते आणि ती छताकडे बघत होती.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "चार दिवसांत ती एकदाही रडलेली नाही. भुकेनंसुद्धा नाही." तिनं पाळण्याची कड घट्ट धरली होती. "मला वाटलं... बरी होतेय."