डिंकवालीची सही

चूक डिंकवालीचीच होती. मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या प्रयोगशाळेत ती लोकांच्या डोक्याला चिकट पेस्ट लावून तारा बसवायची, म्हणून सगळे तिला याच नावाने हाक मारत. त्या सोमवारी प्रार्थनेच्या अभ्यासासाठी एक भाविक यायचा होता. भाविकांना केस धुऊन यायला सांगितलेलं असे. दारात ओल्या केसांचा तरुण दिसला आणि तिने त्याला थेट खुर्चीत बसवलं. एकवीस तारा लावून झाल्यावर म्हणाली, "आता डोळे मिटा आणि प्रार्थना करा."

"कोणाची?"

"अहो, देवाची!"

"मी मानत नाही. मी इथला नवा डॉक्टर... हा अभ्यास माझाच आहे. केस पावसात भिजलेत."

ती कानापर्यंत लाल झाली. "मग आधी का नाही बोललात?"

"तुमची बोटं केसांतून फिरत होती... कोण कशाला बोलेल?"

कोमट पाण्याने त्याचे केस धुताना ती स्वतःवरच चिडली होती, आणि हसूही आवरत नव्हतं.

मग रोजचीच जुगलबंदी. "पाळकाची लेक तुम्ही, आणि इथे काम?" तो चिडवायचा.

"देवानं डोकं काय टोपी घालायला दिलंय?" ती फणकारायची. त्याचा चहा मात्र न सांगता आणून ठेवायची.

घरी पप्पांच्या कानावर दोघांबद्दल गेलंच. चर्चचे पाळक ते. एकच वाक्य बोलले, "देव न मानणारा जावई या घरात येणार नाही." त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

चार महिन्यांनी अहवाल तयार झाला. शेवटची ओळ होती, 'प्रार्थना म्हणजे मेंदूतल्या या लहरी, बाकी काही नाही.' खाली आलेख घेणारी म्हणून तिची सही हवी होती. तिने पेन खाली ठेवलं.

"आलेख खरे आहेत, मीच घेतलेत. पण ही शेवटची ओळ कोणत्या तारेतून आली?"

"सही नाही केलीत तर अहवाल अडेल. नोकरीवर येईल तुमच्या."

"येऊ दे!" ती खुर्चीत जाऊन बसली. "लावा तारा. मी प्रार्थना करते. मी काय मागितलं ते आलेखावरून सांगा, मुकाट्याने सही करते."

त्याने एकेक करून एकवीस तारा लावल्या. तिने डोळे मिटले. पडद्यावर रेषा धावत राहिल्या... तो बराच वेळ बघत राहिला.

"नाही सांगता येत," तो शेवटी म्हणाला. "काय मागितलं तेही नाही, आणि कोणी ऐकलं की नाही तेही नाही."

त्याने तिच्या तारा काढल्या आणि शेवटची ओळ खोडली. तिने लगेच, ठसठशीत सही केली.

"आता तरी सांग ना... काय मागितलंस?"

पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला होता. तिने मान वर केली.

"तुम्हाला."

तो हसला, मग गंभीर झाला. "मलाही तूच हवी आहेस. पण मी अजून मानत नाही... आणि तुझे पप्पा—"

"त्यांना आजच सांगणार आहे. तुमच्यासाठी देव सोडणार नाही, आणि देवाचं नाव पुढे करून कोणी सांगितलं म्हणून तुम्हालाही सोडणार नाही."

"थांब, आधी केस तर धुऊन देतो. या अवतारात जाणार घरी?"

"याच अवतारात," ती म्हणाली, आणि केसांत पेस्टचे एकवीस ठिपके तसेच ठेवून तिने त्याचा हात धरला.