लांडग्याची जागा

मंगळावरच्या त्या भूमिगत वसाहतीत बारा माणसे राहत आणि कोणाचाही आवाज कोणाला खुपत नसे. ही सज्जनता नव्हे. धातूच्या भिंतींत तेच आवाज वर्षभर घुमले की माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात, हे आधीच्या तुकडीने सप्रमाण सिद्ध केले होते. म्हणून आता प्रत्येकाच्या कंठात 'स्वरकडी' बसवलेली असे. ती बोलण्याचा मूळ स्वर पाश्चात्त्य सप्तकाच्या बारा स्वरांपैकी एकावर बांधून ठेवी. बाराही जण एका वर्तुळात गुंफलेले. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत अंतर सा ते प एवढे, म्हणजे पंचमाचे.

या वर्तुळात हेमांगीच्या एका बाजूला तिचा नवरा हरिहर देवस्थळी होता, दुसऱ्या बाजूला भाजीघर सांभाळणारा सुधन्वा. हरिहर वसाहतीचा इतिहासकार. बारा माणसांच्या इतिहासाला पूर्णवेळ विद्वान लागतो, असे त्याचे प्रामाणिक मत होते. सुधन्वाच्या विनोदांवर हेमांगी हसते, हे हरिहरच्या इतिहासातले एकमेव ठळक प्रकरण. अखेर तो स्वरकड्या बसवणाऱ्या डॉ. बोकीलबाईंकडे गेला.

"बाई, माझ्या बायकोचं माझ्याशी जेवढं जुळतं, तेवढंच त्या मुळेवाल्याशी?"

"अगदी तेवढंच. आणि दोन्हीकडे किंचित खोटं."

"खोटं?"

"शुद्ध पंचम म्हणजे कंपनांचं प्रमाण दोनास तीन. असे बारा पंचम चढलात की सात सप्तकं ओलांडून मूळ स्वरावर यायला हवं. येत नाही. अर्ध्या स्वराच्या सुमारे पाव हिश्श्यानं पुढे जातं. वर्तुळ मिटतच नाही, हो! ती चूक मी बाराही जोड्यांत सारखी वाटली आहे."

"आणि वाटली नाही तर?"

"मग अकरा जोड्या शुद्ध, सगळी चूक बारावीत. तो पंचम विव्हळतो. जुने वाद्य जुळवणारे त्याला लांडगा म्हणत."

"मग लांडगा हेमांगी आणि सुधन्वाच्या मध्ये बांधा."

"हेमांगीला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? आणि इतिहासात तुमच्याविषयी काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही, बाई."

बोकीलांनी लांडगा बांधला.

त्या दिवशी जेवताना सुधन्वा ओरडला, "वहिनी, मुळा गोड निघाला, तुमच्या नवऱ्यासारखा नाही!" हेमांगीने उत्तर दिले, आणि भिंतींवरून परतणाऱ्या दोन आवाजांत एक कर्कश थरथर उठली. तिने दचकून चमचा खाली ठेवला. हरिहर प्रसन्न झाला.

"हेमा, मीठ दे."

तिने पाहिलेही नाही. त्याने पुन्हा मागितले, मग दरडावून मागितले. ती सुधन्वाकडेच पाहत होती.

"ती माझं ऐकतच नाही," तो बोकीलांना म्हणाला.

"ऐकेल कशी? शुद्ध पंचमात दोन स्वर एकमेकांत विरघळतात. तुमचा आवाज तिला आता स्वतःच्याच आवाजाचा भाग वाटतो. समोर दुसरं कोणी आहे हे आपल्याला कळतं ते त्या किंचित खोट्यातून उठणाऱ्या थरथरीमुळे. तुमच्यातली तेवढी चूकही तुम्हीच काढायला लावलीत."

"पूर्ववत करा."

"करते. या वेळी मात्र हेमांगीची परवानगी हवी. विचारून या."

हेमांगी भाजीघराच्या दारात उभी होती. हरिहरने विचारले. मग हात जोडून विचारले. आपल्याच मनात काही येऊन गेल्यागत तिने गळ्याला हात लावला आणि वाफ्यांच्या पलीकडे पाहिले.

"सुधन्वा," ती म्हणाली, "काही म्हणालास का रे?"