लाल पिंप आणि पिवळा हातमोजा

"आधी रस्ता, मग घसरगुंडी!" ट्रॅक्टरवर चढता चढता बाबांनी बजावलं.

"पण मामा, किती वेळ?" तोमोयाने ओरडून विचारलं. ओसाकाहून हिवाळ्याच्या सुट्टीला आलेल्या या पठ्ठ्याला हिमवादळाने दोन दिवस घरात कोंडून ठेवलं होतं.

"हमरस्त्यापर्यंत सहाशे मीटर बर्फ तर हटवायचाय. अर्धा तास!"

काहोने चाऱ्याची रिकामी पोती घसरायला पेंढा भरून तयारच ठेवली होती. सहावीतली काहो ही टोळीची म्होरकी. टोळी म्हणजे ती, तिचा आतेभाऊ तोमोया आणि दुसरीतला धाकटा भाऊ रिकु. माणसं तीन, पण आरडाओरडा तीस जणांचा!

ट्रॅक्टर निघाला. पुढच्या यंत्राने बर्फाचं उंच कारंजं उडवलं आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. पण गोठ्यापासून जेमतेम पन्नास मीटरवर इंजिन खोकलं, दोन आचके दिले आणि गप्प झालं.

"मेला!" रिकु म्हणाला.

बाबा खाली उतरले. डिझेलच्या फिल्टरखाली काचेची छोटी वाटी होती. ती त्यांनी हातमोज्याने पुसली आणि त्यांचा चेहराच पडला. आत पातळ डिझेलच्या जागी पांढरी खीर दिसत होती.

"पाणी! डिझेलमध्ये पाणी मिसळलंय!"

प्रकरण साधं नव्हतं. दूध न्यायची टँकरगाडी वादळामुळे काल आलीच नव्हती. ती आज अकराला येणार होती. दुधाची टाकी काठोकाठ भरली होती, आणि साठ गाईंना काही वादळाची सुट्टी नसते. रस्ता मोकळा झाला नाही, तर दोन दिवसांचं दूध मोरीत ओतायची पाळी! साडेआठ वाजले होते, आणि पारा शून्याखाली बावीसवर होता.

बाबांनी तिथूनच ओनोदाकाकांना फोन लावला. ओनोदाकाका म्हणजे घरोघर डिझेल पोचवणारे, आणि प्रत्येक खेपेला खिशातून कॅरमेल काढून देणारे. बाबांनी त्यांना असं काही झापलं, की आई गोठ्यातून डोकावून गेली.

"टोळी, इकडे या!" काहोचे डोळे चमकले. "भेसळीचा गुन्हा घडलाय! आपण पुरावा गोळा करायचा. मला तर ओनोदाकाकांचा आधीपासूनच संशय होता. फुकट कॅरमेल कोण वाटतं रे?"

"तू तर मंगळवारी तीन खाल्लीस," रिकु म्हणाला.

"ती तपासासाठी खाल्ली!"

बाबांकडे नवा फिल्टर एकच होता. त्यांनी ट्रॅक्टरच्या टाकीची चावी बंद केली आणि खाली परात धरायला सांगितली. "हातमोजे काढू नका. उघडं बोट लोखंडाला लागलं, तर कातडी तिथेच ठेवून यावी लागेल!" जुना फिल्टर फिरवून काढला, तर तोही त्याच पांढऱ्या लगद्याने गच्च भरलेला. तोमोयाने जॅमच्या बाटलीत त्यातला चमचाभर लगदा घेतला आणि टोळी दूधघराकडे धावली.

दूधघरात गरम पाण्याची बादली होती. बाटली त्यात उभी केली.

"पाणी असेल तर तळाशी वेगळं साचेल," तोमोया म्हणाला. "विज्ञानाच्या तासाला केलंय आम्ही."

"मग ओनोदाकाका पकडलेच गेले म्हणून समज!" काहो म्हणाली.

तिघंही नाक बादलीत जाईपर्यंत वाकून बघत राहिले. थंडीत घट्ट झालेलं खोबरेल उन्हात ठेवताच वितळावं, तसा लगदा विरघळला. बाटलीत स्वच्छ डिझेल उरलं. तळाशी पाण्याचा थेंबही नव्हता.

"भेसळ नाहीच!" तोमोया ओरडला. "हे नुसतं गोठलं होतं!"

"पण हिवाळी डिझेल गोठत नाही," रिकु म्हणाला. "बाबाच म्हणतात. गोठतं ते उन्हाळ्यातलं. शेडमधल्या लाल पिंपातलं."

काहो बादलीपासून मागे सरली.

वादळाच्या आधी, बुधवारी दुपारी, बाबांनी तिला ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरायला सांगितलं होतं. "गोठ्यामागच्या टाकीतलं घे, नवं आलेलं." गोठ्यामागे मांडीभर बर्फ होता. लाल पिंप मात्र शेडमध्ये दोन पावलांवर, वर हातपंप बसवलेला. डिझेल ते डिझेल, असं म्हणून तिने दोन कॅन तिथूनच भरून ओतले होते. "भरलंस?" असं बाबांनी विचारलं, तेव्हा ती "हो" म्हणाली होती.

तेवढ्यात बाहेर इंजिन धडधडलं!

"चालू झाला!" रिकु बाहेर पळाला. काहोचा जीव भांड्यात पडला. चला, सुटले! आता कुणाला काही सांगायचं कारणच नाही. मनात हे आलं आणि तिची तिलाच लाज वाटली, पण तोंड काही उघडलं नाही.

ट्रॅक्टर दीडशे मीटर गेला आणि पुन्हा आचके देत बंद पडला.

साडेनऊला हमरस्त्याच्या बाजूने एक माणूस येताना दिसला. कमरेइतक्या बर्फातून, छातीशी एक खोका धरून. ओनोदाकाका! गाडी हमरस्त्यावर सोडून ते चालत आले होते. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि धाप लागली होती. बाबांसमोर येताच ते कमरेत वाकले, ते वाकलेलेच राहिले.

"माझीच चूक असणार. माफ करा. बाकीच्या घरांचं डिझेलही थांबवायला सांगतो. फिल्टर हा एकच शिल्लक होता, तो आणलाय."

बाबांनी खोका घेतला आणि ते पान्याकडे वळले. ओनोदाकाकांचं वाकलेलं डोकं काहोला बघवेना. सकाळी याच माणसाला तिने भेसळवाला ठरवलं होतं, आणि तेही हसत हसत.

कुणीतरी तिची बाही ओढली. रिकु होता. आजूबाजूला बघत त्याने खिशातून लाकडासारखा कडक झालेला एक पिवळा हातमोजा अर्धाच बाहेर काढला. काहो दोन दिवस तोच शोधत होती.

"लाल पिंपाच्या पंपाला चिकटला होता," तो कुजबुजला. "मी आत्ताच ओढून काढला. ताई, मी कुणालाच सांगणार नाही. तोमोयालापण नाही. बाबांनी विचारलं, तर मला माहीतच नाही म्हणेन." आणि त्याने हातमोजा खिशात खोल कोंबला.

काहोचे कान तापले. आठ वर्षांचं पोर तिच्यासाठी खोटं बोलायची तयारी करत होतं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तिकडे बाबांनी शेवटचा फिल्टर हातात घेतला होता.

"बाबा, थांबा! तो लावू नका!"

"का? वेळ नाहीये, काहो."

"तोपण तुंबेल! ट्रॅक्टरमध्ये उन्हाळी डिझेल आहे. लाल पिंपातलं. मी भरलं. बर्फातून जायचा कंटाळा केला मी. ओनोदाकाकांचं डिझेल चांगलंच आहे. ते गोठ्यामागच्या टाकीतून कुणी काढलंच नाही! मला मघाशीच कळलं होतं, तरी मी गप्प बसले."

तोमोयाने आ वासला. बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी रागावायला हवं होतं. ते रागावले असते, तर तिला सोपं गेलं असतं.

"भरलंस का, एवढंच मी विचारलं," बाबा शेवटी म्हणाले. "कुठून भरलंस, ते विचारलं नाही. आणि वाटीत पांढरं दिसताच, धड न तपासता, फोन करून एका भल्या माणसावर तोंड टाकलं."

त्यांनी टोपी काढली आणि ओनोदाकाकांसमोर वाकले. ओनोदाकाका दचकून पुन्हा वाकले. मग बाबा आणखी खाली वाकले.

"मामा!" तोमोया ओरडला. "पावणेदहा!"

मग एकच धांदल उडाली! बाबांनी आणि ओनोदाकाकांनी ट्रॅक्टरच्या टाकीतलं सगळं डिझेल कॅनमध्ये काढलं. टोळीने फावडी घेऊन गोठ्यामागच्या टाकीकडे वाट खणली. काहो सगळ्यात पुढे होती. वाट पंधरा मिनिटांत झाली. ज्या कामाचा तिने कंटाळा केला होता, ते अवघ्या पंधरा मिनिटांचं होतं! हिवाळी डिझेलचे कॅन घसरगुंडीच्या पोत्यांवर ठेवून त्यांनी ओढत आणले. आईने गरम पाण्यात पिळलेले टॉवेल नळ्यांना गुंडाळले. नव्या फिल्टरमध्ये ताजं डिझेल ओतून बाबांनी तो हाताने घट्ट बसवला.

"काहो, इकडे ये. हवा काढायची आहे. मी सांगेपर्यंत हा छोटा पंप दाबत राहा."

ती अंगठ्याने दाबत राहिली. ढिल्या केलेल्या स्क्रूमधून फसफसत बुडबुडे आले. अंगठा बधिर झाला, डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठलं, तरी ती थांबली नाही. बुडबुडे संपले आणि डिझेलची अखंड धार आली.

"बस!" बाबांनी स्क्रू आवळला आणि किल्ली फिरवली. घर्र... घर्र... धडधडधड!

या वेळी ट्रॅक्टर मध्ये थांबला नाही. अकराला दहा कमी असताना रस्ता मोकळा झाला, आणि टँकरगाडी भोंगा वाजवत आत आली.

आईने सगळ्यांना चवळीएवढ्या लाल कडधान्याची गोड, गरम पेज, शिरुको, वाढली. "बाटलीतला प्रयोग कुणाच्या डोक्यातला?" टँकरचालकाने विचारलं. "शाबास! मोठ्यांना सुचलं नाही ते पोरांना सुचलं!" तोमोयाची छाती फुगली. काहोने मात्र वाटीला तोंडही लावलं नव्हतं. ओनोदाकाका निघालेले दिसताच ती वाटी ठेवून त्यांच्यामागे धावली.

"काका, मला माफ करा. मी टोळीसमोर तुम्हाला भेसळवाले ठरवलं. कॅरमेलवरूनही बोलले."

ओनोदाकाका तिच्याकडे वळले.

"नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात मी चुकून अकरा घरी उन्हाळी डिझेल टाकलं होतं," ते म्हणाले. "माझ्या वरच्या म्हाताऱ्या साहेबांनी अकराही घरी जाऊन माफी मागितली. त्यांना वाटलं, चूक त्यांचीच. मी शेजारी उभा होतो, गप्प."

"मग? नंतर सांगितलंत त्यांना?"

"उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता ते वारले. म्हणून कुणी बोट दाखवलं, की मी आधी वाकून मोकळा होतो. तू आजच्या आज बोललीस. ते बरं केलंस, पोरी." त्यांनी खिशातून कॅरमेल काढून तिच्या हातावर ठेवलं आणि गाडीकडे चालू लागले.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत काहो तशीच वाकून उभी राहिली. मग ती परत आली आणि कॅरमेल रिकुला दिलं.

"घे. आणि यापुढे माझ्यासाठी कधी खोटं बोलायचं नाही. कळलं?"

रिकुने मान डोलावली. कॅरमेल तोंडात टाकलं, खिशात हात घातला आणि पिवळा हातमोजा तिच्यापुढे धरला. इतका वेळ त्याच्या खिशात राहून तो मऊ आणि उबदार झाला होता.