मुकुंदने सोडलेली बोली

“ज्या हातानं मी त्याच्या तोंडावर दार लावलं, त्याच हातानं आता त्याच्या नावाचा पडदा उघडू? काहून? मोठा शास्त्रज्ञ होता म्हणून?”

पुष्पाताईंचा आवाज इतका चढला की शेजारची चंद्रकला हातातलं सूप घेऊन दारापर्यंत आली आणि पाहुणी बसलेली पाहून तशीच मागे फिरली. पाहुणी म्हणजे प्रज्ञा... ताईंची सख्खी भावजय! पुण्याहून एकटी सौंसरला आलेली. ताईंचा भाऊ मुकुंद जाऊन वर्ष झालं होतं, आणि पांढुर्ण्याच्या कॉलेजात नव्या प्रयोगशाळेला त्याचं नाव द्यायचं ठरलं होतं. आजच्या कार्यक्रमात पाटीवरचा पडदा बहिणीनेच उघडावा, हा प्रज्ञाचा हट्ट.

काय सांगावं त्या मुकुंदचं! यंत्रं का थरथरतात आणि थरथरून थरथरून शेवटी का मोडतात, याचं शास्त्र आपल्याकडे ज्यांनी उभं केलं, त्यांत डॉ. मुकुंद खवसे पहिल्या पंगतीचे. जिनिंगमध्ये कापसाच्या मशीन सुरू झाल्या की हा पोरगा बाहेरून भिंतीला तळहात लावून तासन्‌तास उभा! पुढे त्याच थरथरीचं गणित त्याने मांडलं, आणि ते गणित धरून पूल बांधले गेले, धरणावरची अवजड यंत्रं शांत चालू लागली. पण हे सगळं कोणाच्या जिवावर? पुष्पाच्या! बाप गेला तेव्हा तिने नर्सिंगला लागलेला नंबर सोडला, संत्र्याच्या पेट्या भरायला जाऊ लागली, आलेली स्थळं एकेक करून परत पाठवली... त्याचं तिला दुःख नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं! दुःख एकच, काळजात रुतून बसलेलं. माय अचानक कोसळली, पुण्याला फोन करून निरोप दिला, तरी हा आला नाही! उगवला तो तेरवीच्या आदल्या दिवशी. “ताई, माह्यं चुकलं,” एवढंच पुटपुटला. ताईंनी दार लावून घेतलं, ते त्याच्यासाठी पुन्हा कधी उघडलं नाही.

“माय त्याच्याच नावाचा धोसरा करत गेली वो,” ताई म्हणाल्या. “मायपरीस त्याची मशीन मोठी झाली होती का?”

“ताई, मी कितीदा तरी विचारलं त्यांना. विषय निघाला की उठून जायचे.” प्रज्ञाने पदराने डोळे टिपले.

“बोलन कोन्या तोंडानं!”

तरी पण दारात आलेल्या माणसाला उपाशी धाडणं हे काही ताईंच्या स्वभावात नव्हतं. धुसफुसतच त्यांनी वांग्याची भाजी आणि भाकर वाढली. तेवढ्यात फोन वाजला. कॉलेजातले प्राध्यापक वैभव, मुकुंदचे एकेकाळचे विद्यार्थी, प्रज्ञाला न्यायला गाडी घेऊन निघाले होते.

“घ्या जेवून लवकर,” ताई फोन ठेवत म्हणाल्या. “वैभव सर येऊन राहिले.”

प्रज्ञा गोंधळली. “इथे राहिलेत? मग त्यांनाही बोलवा ना जेवायला.”

“इथं कुठं?”

“तुम्हीच म्हणालात ना, येऊन राहिले. म्हणजे मुक्कामाला...”

राग होता तरी ताईंना हसू फुटलंच. “अवो बाई! येऊन राहिले म्हंजे येतच आहेत, रस्त्यानं आहेत! इतकी वर्सं आमच्या माणसाचा संसार केला न् एवढं नाही समजत?”

प्रज्ञा हसली नाही. तिच्या हातातला घास तसाच राहिला.

“ताई... आई गेल्या त्या दिवशी फोनवर तुम्ही मला काय म्हणाला होता?”

“काय म्हनीन? एसटीडीवर धावत गेली, लाइन खरखर करे. म्हटलं, माय जाऊन राहिली, मुकुंदाले सांगा. तेवढ्यात लाइन कटली. न् मी वापस पळाली मायजवळ.”

“जाऊन राहिली...” प्रज्ञाने ताट बाजूला सारलं. “ताई, मला वाटलं आई कुठेतरी राहायला गेल्यात! महिन्याभराची नवरी होते हो मी. यांना तेच सांगितलं, आई राहायला गेल्यात. हे हसले... म्हणाले, मोहगावला मामाकडे गेली असेल... पुढे तेरवीचं पत्र यांना कामावर मिळालं, आणि मला वाटत राहिलं, बातमी आधीच कळूनही हे थांबले...”

ताई वाढता वाढता तिच्यासमोर खाली बसल्या.

“इथून परत आले ना, तेव्हा त्यांनी मला समोर बसवून विचारलं, ताई फोनवर नेमके कोणते शब्द बोलली? मी सांगितले. उठून गॅलरीत गेले. आत आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, काही नाही, झोप तू. आणि ताई... त्याआधी मला ‘काहून वो’ म्हणून चिडवायचे. त्या दिवसापासून तुमच्या बोलीतला एक शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही! कधीच नाही! मला वाटायचं, मोठे झाले, आता लाज वाटत असेल...”

“लाज नाही वो!” ताई किंचाळल्याच. “घरात बोलला असता तं तुले एक ना एक दिवस समजलं असतं! तुह्यी चूक तुले समजू नये म्हणून... अरे माह्या मुकुंदा!”

काय हा माणूस! बायकोच्या मनाला मायच्या मरणाचा डाग लागू नये म्हणून मायचीच बोली त्याने कायमची टाकून दिली, आणि बहिणीचे शिव्याशाप निमूटपणे सोसले... अखेरच्या श्वासापर्यंत!

“माझ्यामुळे... सगळं माझ्यामुळे झालं!” प्रज्ञाने ताईंच्या पायावर डोकं ठेवलं.

ताईंच्या मनात एक सणक उठली, नाही असं नाही. एका शब्दापायी भावाचं तोंड पाहिलं नाही, त्याच्या मातीलासुद्धा गेली नाही! पण त्या सणकेच्या मागोमाग काहीतरी वेगळंच भरून आलं. छातीवरचा धोंडाच कोणी उचलून घेतला जणू. तो टाळून बसला नव्हता! निरोप पोचता तर धावत आला असता! मायला त्याने टाकलं नव्हतं! रडता रडता ताई हसत होत्या, आणि प्रज्ञाला पोटाशी धरून म्हणत होत्या, “उठ बाई, उठ. तू मुद्दाम केलं का? जेव पहिले. मले लुगडं बदलू दे, मीही चालतो सोबत.”

पांढुर्ण्यात सभागृह गच्च भरलं होतं. सौंसरहून गल्लीतल्या बायाही टेम्पो करून आल्या होत्या. ताईंनी पडदा उघडला, टाळ्या झाल्या, आणि वैभव सरांनी ताईंसमोर माइक धरला.

“मले भाषण येत नाही,” ताई म्हणाल्या. “एकच सांगाचं आहे. मायच्या वक्ती माहा भाऊ आला नाही, असं मी गावभर सांगत फिरली. तुम्ही सगळ्यायनं ऐकलं. ते खरं नाही. त्याले खबर समजलीच नव्हती. समजली असती तं तो धावत आला असता.”

“अवो पुष्पाबाई,” चंद्रकलाला राहवेना, “पण फोन तं केला होता न तुमी?”

प्रज्ञा ताईंच्या शेजारच्या खुर्चीवरून ताडकन उठली. तिचं तोंड उघडायच्या आत ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

“केला होता,” त्या माइकमध्ये म्हणाल्या. “मलेच धड सांगता आलं नाही. रडत होती न मी.”

सभागृहात हलकीशी कुजबुज झाली आणि विरून गेली. प्रज्ञाने खांद्यावरचा तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. फोटो काढून होईपर्यंत ताईंनी तो सोडवून घेतला नाही.