हात टेबलावर

"पोस्टरांच्या फोल्डरला आत्ता कुणी हात लावला?"

जेवणानंतर जांभया देत बसलेल्या डिझाइनच्या मजल्यावर स्पृहा अशी येऊन उभी राहिली, तेव्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एक तेवढी वर राहिली. ती सलिलची, आणि पठ्ठ्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती.

"मी लावला. फाइलींची नावं नीट केली. फारच गबाळी होती हो..."

येरवड्यातली ही कंपनी नाटकांची तिकिटं ऑनलाइन विकायची. जुना सर्व्हर आता निवृत्त होत होता. त्याच्या पोटात चालणारी आभासी मशीन्स, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले कॉम्प्युटर, बंद न करता, चालतीच नव्या सर्व्हरवर न्यायचं काम स्पृहाकडे होतं. त्यासाठी तिनं मुद्दाम दुपार निवडली होती, कारण एक ते चारमध्ये पुणेकर नाटकाचं तिकीटसुद्धा काढत नाही.

तिनं सलिलला समजेल असं सांगितलं. चालता संसार हलवायचा, गॅसवरचा कुकरही न उतरवता. पोस्टरांचा फोल्डर म्हणजे दोन्ही घरांतून उघडणारं एकच कपाट, ते जागचं हलत नाही. कुठली वस्तू कुठल्या खणात आहे एवढी आठवण घेऊन मशीन निघतं, आणि ते वाटेत असताना तुम्ही खणांवरची नावं बदललीत. आता साइटवर पोस्टरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसतायत.

"म्हणजे मी आवरलं आणि त्याचं हरवलं," सलिल ओशाळून म्हणाला.

"उद्यापासून मशीन हलताना तुम्ही माझ्यासमोर येऊन बसायचं. हात टेबलावर. मला दिसले पाहिजेत."

शिक्षा म्हणून सुरू झालेलं हे प्रकरण सलिलला भलतंच मानवलं. रोज दुपारी तो दोन कप चहा घेऊन तीन मजले उतरायचा आणि शहाण्या मुलासारखा हात पुढे ठेवून बसायचा. स्पृहा स्क्रीनकडे बघायची... म्हणजे बघायला हवं होतं. त्याच्या बोटांवर मार्करची निळी शाई असायची, आणि तिची नजर तिथेच जाऊन अडायची. बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मग एके दिवशी तिनं सांगून टाकलं, की उद्या शेवटचं मशीन, आणि सोमवारपासून तिची बसायची जागा वारज्याच्या ऑफिसात. शहराचं पार दुसरं टोक.

"अच्छा," सलिल म्हणाला. एवढंच. स्पृहाला वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. चालती मशीन्स लीलया हलवणाऱ्या बाईला एक साधं वाक्य जागचं हलवता येत नव्हतं.

शेवटचं मशीन तिकीट विकणारंच होतं. तिनं ते हलवायला घेतलं, आणि अर्ध्या वाटेत स्क्रीनवर एक बुकिंग सुरू झालेलं दिसलं. या वेळेला? पुण्यात जागं कोण आहे? मध्येच तुटलं तर दोन महिन्यांच्या मेहनतीवर पाणी... मशीन अलगद पलीकडे पोचलं. बुकिंगही पुरं झालं.

शनिवारचं नाटक. जागा दोन. नाव, सलिल.

तिनं टेबलाकडे पाहिलं. तिथे एकच हात होता.

"दुसरा कुठाय?"

"खाली, फोनवर. फोल्डरला लावलेला नाही."

"आणि मध्येच तुटलं असतं तर?"

"हलवणारी तू होतीस, म्हणून तर आत्ताच काढली." तो थोडा अडखळला. "वारजे लांब आहे गं... रोज चहा घेऊन नाही येता येणार. शनिवारी शेजारी बसशील? मला तू आवडतेस, स्पृहा."

तिचे कान गरम झाले. आता खरं सांगणं भागच होतं.

"तू नावं बदललीस त्याच दिवशी मी त्या फोल्डरला कुलूप घातलंय, सलिल. तू हात कुठेही ठेवले असतेस तरी चाललं असतं."

"माहितेय," तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी सकाळी एक नाव बदलून बघितलं होतं. बदललं नाही."

स्पृहाला हसू आवरेना. हसता हसताच तिनं टेबलावरच्या त्या एका हातावर आपला हात ठेवला. दुसरा त्यानं आपणहून वर आणला.