‘स्टे’चं सातवं कार्ड

“तुम्ही त्या आजींचं बोलणं लिहून घेताय?”

मी विचारलं आणि तो दचकला. फलाट तीनवर गळक्या पत्र्याखाली एकच बाक कोरडा असतो. चहाच्या सुट्टीत तो माझा असतो. आज तिथं हा बसला होता... मांडीवर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा, कानामागे पेन्सिल, आणि सगळं लक्ष गाडीत चढणाऱ्या आजींकडे.

“घेतो लिहून. पण चोरी नाही हं, नोकरी आहे.”

“ऐकायची नोकरी?”

“तुमची सांगायची, माझी ऐकायची.” तो बाजूला सरकला. “आवाजावरून ओळखलं. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.’ मी तीन दिवस देतोय.”

मी स्टँडवरच्या चौकशी खिडकीत बसते. दिवसभर माइकवर गाड्या सांगते. माझ्या आवाजाकडे लक्ष देणारा माणूस मला चार वर्षांत पहिल्यांदा भेटला होता. बाकीचे सगळे घड्याळाकडे बघतात.

तो इंग्रजी शब्दांच्या कोशासाठी काम करायचा. शब्दाच्या प्रत्येक अर्थाला आपल्या भाषेतलं एक वाक्य लागतं, आणि ते खरोखर कुणीतरी बोललेलं असावं लागतं. कार्डाच्या पाठीवर लिहायचं, कोण बोललं, कुठं, कुठल्या दिवशी. सध्या शब्द होता ‘स्टे’.

“एवढासा तर शब्द,” मी म्हणाले. “राहणे. झालं काम.”

“झालं? पाहुणे आठवडाभर राहिले, हे एक. दुकान आठपर्यंत उघडं राहिलं, हे वेगळं. मुक्काम वेगळा, टिकणं वेगळं. चौकशीबाई, हा शब्द तुमच्या वेळापत्रकापेक्षा मोठा आहे.”

“माझ्या वेळापत्रकाला नावं ठेवायची नाहीत.”

“नाही ठेवत. पाठ केलंय मी ते.”

दुसऱ्या दिवसापासून माझेही कान टवकारले. खिडकीशी फुलवाली कुणाला म्हणाली, “आज घेतलीत तर परवापर्यंत टिकतील.” मी चिठ्ठी लिहून ठेवली. गाडी चुकलेले वकील फोनवर खेकसत होते, “स्थगिती मिळालीय, पाडापाडी बंद करा.” चिठ्ठी. चहाच्या सुट्टीत मी त्या त्याच्या हातावर ठेवायची, आणि तो अशा वाचायचा जशा काही त्यालाच लिहिल्यात.

तीन आठवड्यांत सहा अर्थांची कार्डं जमली. सातवं मात्र काही केल्या मिळेना.

सातवा अर्थ होता विनवणीचा. एक जण निघालेला आहे, दुसरा म्हणतो, जाऊ नकोस. त्यासाठीच तर तो स्टँडवर येऊन बसला होता. आणि इथं रोज शंभर माणसं निघतात, शंभर माणसं पोहोचवायला येतात, पण बोलतात काय? पोहोचलास की फोन कर. स्वेटर वरच ठेवलाय बघ. हात बाहेर काढू नकोस. एक आई डोळे पुसत पुसत लेकाला म्हणाली, “दाढी कर रे जरा.”

“बनवून टाका की एखादं,” मी म्हणाले.

“नाही चालत. आणि कुणाकडून वदवून घेतलेलंही नाही चालत. आपण होऊन बोललेलं हवं.” माझ्याकडे बघता बघता तो चहाच्या कपात बघायला लागला. “कोशाच्या संपादकीणबाई लगेच ओळखतात.”

पलीकडच्या पासच्या खिडकीतल्या काकू मला म्हणाल्या, “हा कार्डवाला रोज येतो आणि एकाही गाडीत बसत नाही. नेमकी कशाची चौकशी चाललीय, विचार तरी.”

“तुमचं आपलं काहीतरी, काकू.”

सोमवारी तो बॅग घेऊनच आला.

“मुख्य कचेरीत बोलावलंय. कार्डं द्यायची आहेत,” तो म्हणाला. “आणि... तिथं कायमची जागा देतायत. उद्या उत्तर द्यायचंय.”

“छान,” मी म्हणाले. किती वाईट शब्द आहे तो. एवढासा, गुळगुळीत, हातातून सटकून गेला आणि मागं काहीच उरलं नाही.

“छानच आहे,” तोही म्हणाला.

चार चाळीसची गाडी मीच सांगितली. फलाट दोन. दोनदा सांगितली, आवाज जरासुद्धा हलला नाही. मग माइक बंद केला. “काकू, पाच मिनिटं बघाल?”

“दहा घे,” काकू मान वर न करता म्हणाल्या.

पाऊस भुरभुरत होता. तो खिडकीशी बसला होता, मी खाली उभी होते.

“पाणी घेतलंत?”

“घेतलं.”

“काच लावून घ्या, पाऊस येईल आत.”

“लावतो.”

“पोहोचल्यावर... फोन करा.”

तो हसला, पण डोळ्यांपर्यंत हसू पोहोचलं नाही. “याची एकतीस कार्डं आहेत माझ्याकडे.”

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. सगळी गाडी थरथरू लागली, काचा, गज, गजावरचे त्याचे हात. मला त्या एकतीस जणांचा राग आला. एकालाही जमू नये? आणि लगेच कळलं, आता आपण बत्तिसाव्या.

“ती जागा घेऊ नका,” मी म्हणाले. “म्हणजे... इथंच राहा. जाऊ नकोस ना.”

इंजिनाच्या घरघरीत त्याला ऐकूच गेलं नसावं. मग त्यानं कपाळ गजांना टेकवलं आणि इतका लांब श्वास सोडला की अर्ध्या सरकवलेल्या काचेवर वाफ धरली.

“ऐकलं,” तो म्हणाला.

“मग लिही. मिळालं ना तुझं कार्ड.”

“हे नाही देणार मी त्यांना.”

“आणि उत्तर?”

“आधी कुणाला देऊ, त्यांना की तुला?”

“मला.”

“राहतो,” तो म्हणाला. “कार्डं पोहोचवतो, गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतो.”

“गुरुवारी सकाळची गाडी नसते. दोन दहाची बघ.”

घंटी वाजली, गाडी निघाली. तो गेला तरी मला हसू येत होतं.

गुरुवारी दोन दहाची गाडी पन्नास मिनिटं उशिरा आली. तो उशीर मी तीनदा जाहीर केला, आणि तिन्ही वेळा लोकांपेक्षा जास्त चडफडले. तो उतरला. बॅग हलकी झाली होती, दाढी वाढलेली.

“काय म्हणाल्या संपादकीणबाई?”

“जागा नाकारली त्याचं काही नाही. इथूनच पाठव म्हणाल्या कार्डं. पण सातव्यावरून तासभर झापलं. मी म्हटलं, वाक्य ऐकलंय, देणार नाही.”

“मग?”

“चष्मा काढून बघत बसल्या माझ्याकडे. मग म्हणाल्या, जा, गाडी चुकेल.”

तीन दिवस कानाशी ओढून धरलेले माझे खांदे आपोआप खाली आले. हुश्श... मी म्हणाले. तोही म्हणाला. काकूंनी काचेवर टकटक केलं. “जा गं दोघं. पुढची गाडी चार चाळीसला आहे, मलाही सांगता येते.”

आम्ही स्टँडच्या फाटकातून बाहेर पडलो. तो काहीतरी सांगत होता, मी ऐकत होते. मागं कुठली गाडी लागली, कोण जाणे.