सादळलेल्या कुरडया

जयसिंग आप्पांच्या दारात सुलतानबी उभी राहिली, तेव्हा हौसराव चहात बटर बुडवत होता. बाईचा चेहरा पाहून बटर चहातच राहिलं.

"आप्पा, माझ्या मालकांना शिरूरच्या चौकीत बसवून ठेवलंय. त्यांनी बसवलेल्या गॅस गिझरपायी एक पोरगी मरता मरता वाचली. सांजच्याला केस लिवणार हाईत!"

आप्पांनी दौंडच्या रेल्वेत तीस वर्षं इंजिनांचे बॉयलर तपासले होते. निवृत्तीनंतर ते खासगी तपासाची कामं घेत. हौसराव त्यांची जीप चालवी आणि दर वेळी भलत्याच माणसाला गुन्हेगार ठरवी. २००३ सालच्या एप्रिलातल्या त्या सकाळी दोघं सुलतानबीला जीपमध्ये घेऊन तडक शिरूरला निघाले.

चौकीत सुलतानबीचा नवरा नबीलाल भिंतीला टेकून बसला होता. डोळे लाल.

"आप्पा, गिझरची नळी मी सरळ गच्चीवर काढलीय. बसवला तवा उदबत्ती लावून दाखवली, धूर सगळा वर वढला जात हुता. मंगळवारी त्या घरची सूनबाई न्हाणीत बेशुद्ध पडली. बुधवारी मी धावत जाऊन नळी बघितली, तर मोकळी!"

हवालदार हसला. "मोकळी असणारच. डॉक्टर म्हणत्यात, जळक्या गॅसचा धूर अंगात भिनला. म्हंजी नळी तुंबलेली हुती. आमच्या आधी गच्चीवर जाऊन ह्यानंच साफ केली."

"हवालदार, चारपर्यंत थांबा," आप्पा एवढंच म्हणाले.

गिझर बसवलेली बिल्डिंग दुमजली, घर वरच्या मजल्यावर. खाटेवर मोनाली पडून होती. अशक्त, पण शुद्धीत. शेजारी नवरा सार्थक.

"तुमची आंघोळ कितीला झाली?" आप्पांनी त्याला विचारलं.

"सहाला. फस्ट शिफ्ट हुती. मला काईच झालं न्हाई."

"न्हाणीची खिडकी?"

"बंदच असती. समोर बांधकाम चालूय, सिमेंट उडतं."

हौसराव आप्पांच्या कानाशी लागला. "ह्योच! स्वतः धडधाकट, बायको आडवी."

"गप रे."

सासू सरूबाई स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आली. तीन दिवस झोपली नसावी. "सोमवारपास्नं कुरडयाच चालल्यात, भाऊ. सुनेला लई आवडत्यात म्हणून यंदा दोन घाणे घातले. मंगळवारी सातला वाळवण घातलं, आठला पोरगी न्हायला गेली आन् तिच्यावरच बेतलं, मग कशाच्या कुरडया न् काय!"

तरी रिकाम्या हातानं पाहुणा पाठवायचा नाही म्हणून तिनं वाळलेल्या कुरडयांचे दोन डबे पुढं ठेवले. हौसराव कच्चीच कुरडई मोडायला गेला. ती मोडेना, नुसती वाकली.

"सोमवारच्या हाईत त्या. निम्म्या सादळल्या," सरूबाई ओशाळली. "मंगळवारच्या बघा."

मंगळवारची कडकन मोडली.

"दोन्ही दिवशी ऊन सारखंच?"

"व्हय की. कडक."

आप्पा एकदम उठले आणि गच्चीवर गेले. तिथं वाळवणाची साडी अजून पसरलेली होती. तीन कोपऱ्यांवर दगड, चौथ्यावर उपडा पत्र्याचा डबा. साडीला लागूनच गिझरची नळी वर आलेली. आप्पांनी डबा उलटून पाहिला. बाहेरून चकचकीत, आतून तळाशी ताजा गंज. नळीवर ठेवला तर चपखल बसला.

खाली येऊन त्यांनी सगळ्यांना बसवलं. निरोप धाडल्यावर हवालदार नबीलालला घेऊन आला, मागोमाग सुलतानबी.

"गॅस जळला की त्याच्यातनं पाण्याची वाफ निघते," आप्पा म्हणाले. "सोमवारी ती वाफ नळीतनं वर आली आन् जवळच्या कुरडया सादळल्या. म्हंजी सोमवारी नळी चालू होती. मंगळवारी ऊन तेच, जागा तीच, तरी कुरडया करकरीत! मग वाफ गेली कुठं?"

आप्पांनी गच्चीवरचा डबा पुढं ठेवला.

"ती अडली. नळीवर हा डबा पालथा घातला होता, म्हणून धूर खाली न्हाणीत भरला. डब्याच्या आत पाणी धरून गंज चढला. सार्थकची आंघोळ सहाला, वाळवण पडलं सातला, सूनबाई न्हाणीत गेली आठला. म्हणून नवरा वाचला, बायको सापडली. संध्याकाळी कुरडया गोळा करताना डबा निघाला. बुधवारी नबीलालला नळी मोकळी दिसली ती म्हणून."

सरूबाईचा चेहरा पांढरा पडला. "म्या ठेवला वो डबा. नुसती वाफ हाय, दोन घटका झाकली तर काय हुतंय, असं वाटलं. त्याच्यात इख असतंय हे मला काय ठावं!" ती हवालदाराकडं वळली. "त्या माणसाला सोडा. मला न्या."

"त्यांना कुठं नेता?" खाटेवरून मोनाली उठून बसली. "माझ्यासाठीच घातल्या होत्या ना कुरडया? मी जिती हाय, आई. बघा इकडं."

सरूबाईनं तिला कवटाळलं आणि हंबरडा फोडला. हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. "अपघात लिवतो. नबीलाल, जा घरी."

सुलतानबी पदरानं तोंड पुसू लागली. हौसरावलाही भरून आलं. सार्थकवर उगाच आळ घेतला म्हणून त्यानं कानाची पाळी धरली.

नबीलाल मात्र गेला नाही. आधी त्यानं न्हाणीची खिडकी सताड उघडली. मग गिझर पेटवून वरच्या फटीशी उदबत्ती धरली. धूर झर्रकन आत ओढला गेला. तेव्हा कुठं त्यानं मोठा श्वास सोडला.

"मावशी," तो म्हणाला, "उद्या नळी हातभर उंच करून देतो, वर जाळीची टोपी बसवतो. आन् फुडल्या साली वाळवण दौंडला आमच्या पत्र्यावर घाला. तिथं गिझर न्हाई, आम्ही चुलीवरच पाणी तापवतो."

सरूबाई रडता रडता हसली आणि तिनं कढई गॅसवर चढवली. सादळलेल्या कुरडयासुद्धा तेलात झकास फुलल्या.